कर, न्याय आणि माता-भगिनींचे आरोग्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सिंदी मेघे येथे केलेले भाषण)



आम्ही एक निवृत्त शाळामास्तर. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. अर्थशास्त्रावर किंवा वैद्यकावर अधिकारवाणीने बोलावे अशी आमची योग्यता नाही. परंतु बाजारातून साबणाची वडी आणणारा प्रत्येक मनुष्य करदाता असतो, आणि ज्याच्या घरी आई, पत्नी किंवा कन्या आहे त्याचा स्त्रियांच्या आरोग्याशी संबंध येतोच. या दुहेरी नात्याने आम्ही बोलणार आहोत. विषय संकोचाचा आहे. पण त्या संकोचाची किंमत पुरुषांनी कधी मोजलेली नाही, म्हणूनच तो पुरुषाने बोलावा असे आम्हांस वाटते.

कराविषयी आपल्या पूर्वजांचा विचार स्पष्ट होता. सूर्य पाणी शोषून घेतो ते सहस्रपटीने परत देण्यासाठी, तसा राजा दिलीप प्रजेकडून कर घेई, असे कालिदासाने रघुवंशात म्हटले आहे. ज्या वस्तूवाचून कोणाचेही चालत नाही तिच्यावर कर बसला, तर तो श्रीमंतास जाणवतही नाही आणि गरिबाच्या मात्र ताटातून जातो. मिठावरील कराविरुद्ध महात्माजी १९३० साली दांडीस निघाले ते याच कारणासाठी. आपल्या वर्ध्याचे जमनालालजी बजाज त्या सत्याग्रहात कारावासात गेले. पुढे महात्माजींनी १९३६ साली याच जिल्ह्यात सेवाग्रामास वास्तव्य केले. तेव्हा मिठाचा धडा आम्हां वर्धेकरांस तरी नवा नाही.

आता अलीकडची गोष्ट पाहा. १ जुलै २०१७ रोजी देशात वस्तू व सेवा कर सुरू झाला. त्यात कुंकू, टिकली, बांगड्या यांवर कर नव्हता. संततिनियमनाची साधनेही करमुक्त होती. ज्या विषयासाठी र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत केंद्र काढले आणि ज्यापायी त्यांना अश्लीलतेचे खटले सोसावे लागले, त्या साधनांस शासनाने मान्यता द्यावी ही समाधानाचीच गोष्ट. परंतु मासिक पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या सॅनिटरी नॅपकिनवर मात्र शेकडा १२ कर होता. स्त्रीचा शृंगार करमुक्त, संततीचा विचार करमुक्त, आणि तिच्या देहाची महिन्याची गरज तेवढी करपात्र! देशभरातील स्त्रियांनी याविरुद्ध आवाज उठविला आणि २१ जुलै २०१८ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने हा कर काढून टाकण्याचा निर्णय घेतला.

येथे प्रश्न संपला असे पुष्कळांस वाटले. पण मास्तरकीची खोड म्हणून आम्ही हिशेब मांडून पाहिला. समजा, कारखानदाराच्या शंभर रुपयांच्या मालात पन्नास रुपयांचा कच्चा माल आहे व त्यावर शेकडा १८ प्रमाणे नऊ रुपये कर त्याने भरला. पूर्वी तो गिऱ्हाइकाकडून बारा रुपये कर घेई, त्यातून आपले नऊ वळते करी व तीन रुपये सरकारात भरी. आता गिऱ्हाइकाकडून कर घ्यावयाचा नाही, म्हणून त्याला ते नऊ वळतेही करता येत नाहीत. साहजिकच तो ते किमतीत मिळवितो. म्हणजे बारा रुपयांची सूट ऐकू आली तरी बाईच्या पदरात पडतात फार तर तीन! परदेशी माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यास कच्च्या मालावरील कर परत मिळतो. तोच न्याय या वस्तूस लावावा, एवढीच एक नागरिक म्हणून आमची मागणी आहे.

पण बंधूंनो, सगळाच दोष सरकारच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येत नाही. आमच्या वर्गात गणितात हुशार अशी एक मुलगी होती. महिन्यातून चार दिवस ती हमखास गैरहजर असे. आम्ही हजेरीपटावर गैरहजेरी मांडली, भर वर्गात तिला उभे केले, कारण विचारले. ती मान खाली घालून उभी राहिली. तिसऱ्यांदा असे घडल्यावर ती शाळेत आलीच नाही; वैशाखात तिचे लग्न झाल्याचे कळले. आमच्या सौभाग्यवतींनी त्या चार दिवसांचा अर्थ आम्हांस सांगितला, तेव्हा फार उशीर झाला होता. शाळेत मुलींसाठी वेगळी मोरी नव्हती, पाणी नव्हते, आणि मास्तरांस अक्कल नव्हती. हा दोष आमचा आहे आणि तो आज आपल्यासमोर कबूल करण्यास आम्ही उभे आहोत.

८ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने ‘अस्मिता’ योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ नॅपकिनचे पाकीट पाच रुपयांत देण्याची त्यात सोय होती. ही योजना आमच्या वर्गाच्या काळात असती तरी त्या मुलीस ते पाकीट मास्तरांकडे मागता आले असते काय? कर सरकार माफ करील. लाज आपणच माफ केली पाहिजे. ‘कावळा शिवला’ म्हणून लेकीला आजही कोपऱ्यात बसविणारी घरे आपल्यात आहेत. कस्तुरबा रुग्णालय आणि डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली स्थापन केलेले वैद्यकीय महाविद्यालय सेवाग्रामास, म्हणजे हाकेच्या अंतरावर आहे. तरी अंगावरून फार जाते, चक्कर येते, हे सांगण्यास आपल्या स्त्रिया दुखणे विकोपास गेल्यावरच जातात.

शेवटी घरची गोष्ट. आपले मंडळ दर घरामागे समान वर्गणी घेते. मोठ्या दुकानदाराचे घर आणि मोलमजुरी करून लेकी शिकविणाऱ्या विधवेचे घर, दोघांस एकच आकडा. सरकारास न्याय शिकविणाऱ्यांनी आधी आपली पावतीपुस्तके उघडावीत. म्हणून कार्यकारिणीस आमच्या तीन नम्र सूचना आहेत. वर्गणी ऐपतीप्रमाणे घ्यावी. त्यातून वाढणाऱ्या रकमेतून समाजातील गरजू विद्यार्थिनींस वर्षभर हे साहित्य पुरवावे. त्याचे वाटप महिला शाखेकडे असावे व नावांची वाच्यता होऊ नये. आणि समाजभवनात स्त्रियांसाठी पाण्याची सोय असलेली स्वतंत्र मोरी व झाकणाची कचरापेटी पुढील मेळाव्यापूर्वी व्हावी. या कामी आमच्या निवृत्तिवेतनातून एका महिन्याची रक्कम आम्ही आजच कोषाध्यक्षांकडे देत आहोत.

गेलेली विद्यार्थिनी परत येणार नाही. पण आज या मंडपात बसलेल्या एखाद्या मुलीची शाळा त्यामुळे सुटू नये, एवढीच इच्छा आहे.