जुन्या नाण्याची पारख



जुने नाणे हाती आले की 'याची किंमत किती?' हा प्रश्न आधी येतो. वास्तविक त्यापूर्वी दोन प्रश्न विचारावयास हवेत: नाणे अस्सल आहे काय, आणि त्याची स्थिती कशी आहे?

उदाहरणादाखल तांब्याची शिवराई घेऊ. अनेक घरांत ती देव्हाऱ्यात पुजली जाते. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. शिवकालात सुरू झालेले हे नाणे पेशवाईतही पाडले जात होते. त्यामुळे शिवराई अस्सल असली, तरी ती शिवकालीनच असेल असे नव्हे.

ही नाणी हातोड्याच्या घावाने पाडली जात. ठसा मोठा आणि चकती लहान असली की काही अक्षरे चकतीबाहेर राहत. म्हणून अर्धवट अक्षर हे खोटेपणाचे लक्षण नव्हे. उलट सारी अक्षरे रेखीव आणि काठ यंत्रासारखा गोल दिसला, तर सावध व्हावे. बनावट नाणे पुष्कळदा साच्यात ओतलेले असते. भिंगातून पाहता पृष्ठावर बारीक छिद्रे, अक्षरांच्या बोथट कडा आणि काठावर सांध्याची रेघ दिसते. हाताने पाडलेली दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. दोहोंवर एकाच जागी एकच ओरखडा आढळला, तर ती साच्यातली भावंडे समजावीत.

'खणखणीत नाणे' हा वाक्प्रचार सुंदर आहे. परंतु केवळ नादावर विसंबू नये. तडा गेलेले अस्सल नाणेही बद्द वाजते. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांना वजनाची कसोटी अधिक भरवशाची. १८३५ सालचा कंपनीचा रुपया मुळात ११.६६ ग्रॅमचा, झिजेने तो थोडा उतरतो, पण दोन ग्रॅमांची तूट झिजेने सहसा येत नाही. बाजारात राम-सीतेची प्रतिमा असलेला, १८१८ साल घातलेला कंपनीचा 'अर्धा आणा' मोठ्या किमतीस दाखविला जातो. असे नाणे कंपनीने कधी पाडलेच नाही.

आता स्थितीविषयी. झीज प्रथम उंचवट्यांवर दिसते. अक्षरे किती वाचता येतात, यावर प्रत ठरते. तांब्यावरचा घट्ट तपकिरी वा हिरवट थर हा मळ नव्हे, ते त्या धातूचे वय आहे. सणावारी आपण चिंच आणि राख लावून तो घासून काढतो. नाणे लखलखते, पण दरवेळी अक्षर थोडे झिजते, आणि गेलेले अक्षर कोणताही अभ्यासक परत आणू शकत नाही. मात्र भुकटीसारखी सुटणारी फिकट हिरवी बुरशी दिसली, तर तो धातूचा रोग होय. असे नाणे वेगळे काढून कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकारास दाखवावे.

जुनी पोथी स्वच्छ व्हावी म्हणून तिचे समास कोणी कापीत नाही. ग्रंथालयाने शिकविलेला हाच विवेक देव्हाऱ्यातील शिवराईलाही लावावा. पूजा अवश्य करावी. पूजेनंतर नाणे मऊ वस्त्राने टिपून कोरडे करावे. घासू मात्र नये.