यकृताची अडलेली वाट
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील आरोग्यविषयक भाषण)



मी डॉक्टर नव्हे, कापडाचा व्यापारी. तरीही एका व्याधीविषयी बोलण्याचे धाडस करतो. कारण तिने आमच्या आप्तांतील एका निर्व्यसनी तरुण सुनेला दुहेरी पीडा दिली. पोटात पाणी साचले आणि ‘जलोदर म्हणजे दारूच’ अशी कुजबुज सुरू झाली. लाजेपोटी तिने कित्येक महिने दुखणे अंगावर काढले.

शेजारच्या नळदुर्ग किल्ल्यातील पाणीमहाल आपण सर्वांनी पाहिला आहे. बोरी नदीचे जादा पाणी तेथे नर-मादी धबधब्यांतून वाहून जाते. ही वाट तुंबली, तर पाणी मागे फुगणारच. यकृताचेही तसेच आहे. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त यकृतात येते आणि मुख्यतः तीन शिरांवाटे अधोमहाशिरेतून हृदयाकडे परतते. गुठळीने वा पातळ पडद्याने ही वाट अडली, की रक्त यकृतातच तुंबते. १८४५ मध्ये इंग्लंडचे जॉर्ज बड आणि १८९९ मध्ये प्राग येथील हान्स कियारी यांनी या विकाराचे वर्णन केले. म्हणून त्यास ‘बड-कियारी सिंड्रोम’ म्हणतात.

बरगडीखाली उजव्या बाजूस दुखणे, यकृत वाढणे आणि पोटात पाणी होणे ही त्याची प्रमुख लक्षणे. कावीळ पुष्कळदा सौम्य असते वा नसतेही. अधोमहाशिराच अडल्यास पाय सुजतात. पोटावर व पाठीवर शिरा फुगतात. काहींना रक्ताची उलटी होते. कोणास हा त्रास काही दिवसांतच होतो, कोणास हळूहळू, तर कोणास मुळीच जाणवत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी २००१ मध्ये पश्चिम भारतातील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्त लवकर गोठण्याची आनुवंशिक प्रवृत्ती हे या रोगाचे एक महत्त्वाचे कारण असल्याचे त्यातून दिसले. रक्तपेशी अतोनात वाढण्याचे विकार, गर्भारपण व गर्भनिरोधक गोळ्या हीही कारणे असू शकतात. रुग्णाच्या चारित्र्याशी याचा काय संबंध?

निदानाची पहिली पायरी म्हणजे डॉप्लर सोनोग्राफी. पुढे रक्त पातळ ठेवणारी औषधे, फुग्याने शीर उघडणे, स्टेंट, आणि अगदीच गरज पडल्यास यकृत-प्रत्यारोपण असे उपचार आहेत. आमच्या सुनेची शीर स्टेंटने मोकळी झाली. आज ती संसारात रमली आहे. पण विलंबाने यकृत कायमचे निकामी होऊ शकते.

म्हणून माझी नम्र विनंती एवढीच : पोट फुगलेल्या रुग्णास प्रश्नांनी छळू नका, त्यास तत्काळ तपासणीस न्या.