भीमाचीं अंडीं

चौतीस वर्षें मुलांस गणित व भूगोल शिकविण्यांत घालविलेल्या माणसावर उतारवयांत सापाच्या अंड्यांची राखण करण्याचा प्रसंग यावा, हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे. तो प्रसंग मजवर २०२३ सालच्या उन्हाळ्यांत आला. आणि तोहि स्वदेशीं नव्हे, तर अमेरिकेंत, ओहायो राज्यांतील कोलंबस शहरीं, माझ्या मुलीच्या घरीं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें देशी साप घरीं पाळण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे असें माझें मत आहे. तिकडे मात्र कॉर्न स्नेक नांवाचा नारिंगी रंगाचा बिनविषारी साप मुलें सशासारखा पाळतात. तो मूळचा त्या देशाच्या आग्नेय भागांतला. दोन-तीन हात लांबीचा, स्वभावानें गरीब, आणि आपल्या धामणीसारखाच उंदरांचा वैरी. माझ्या अकरा वर्षांच्या नातवानें एप्रिल महिन्यांत असा एक पूर्ण वाढलेला साप एका गृहस्थाकडून आणला. ‘नर आहे’ असें त्या गृहस्थानें सांगितल्यावरून त्याचें नांव ‘भीम’ ठेविलें.

मेअखेर भीमानें अन्न टाकलें, मग कात टाकली, आणि कांचेच्या पेटीचे कोपरे तो उकरूं लागला. जूनच्या पहिल्या आठवड्यांत एके सकाळीं नातू ओरडतच जिना चढून आला, “आजोबा, भीमाला अंडीं झालीं!”

अंडीं सोळा होतीं. पांढरीं, लांबट, चामड्यासारख्या मऊ कवचाचीं, आणि बहुतेक एकमेकांस चिकटलेलीं. त्यांतलीं तीन पिवळीं व लहान, म्हणजे पोकळ, हें दिसतच होतें. पूर्वीच्या घरीं भीम दुसऱ्या सापांसह एकाच पेटींत राहत असे, हें मागाहून कळलें.

मुलीचें म्हणणें, अंडीं बर्फाच्या कपाटांत ठेवून संपवावीं. “बाबा, एवढे साप मी कुठें ठेवूं?” तिकडे नको असलेल्या अंड्यांची हीच वाट लावतात. तिच्या बोलण्यांत क्रूरपणा नव्हता. ज्यांचें पालन होणार नाहीं त्यांस जन्मास घालूं नये, असा तिचा सरळ हिशेब होता. नातू कांहींच बोलला नाहीं. नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हणालों, “मला येथें सहा महिने दुसरें काम नाहीं. राखण मी करतों.”

असें मी कां म्हणालों, तें त्या दोघांस तेव्हां ठाऊक नव्हतें. मी दहा वर्षांचा असतांना आमच्या कोंकणांतल्या गांवीं गोठ्यामागच्या पेंढ्यांत एक धामण सांपडली. ती बिनविषारी, धान्याची राखणदार, हें ठाऊक असूनहि मोठ्यांनीं तिला काठ्यांनीं मारलें. तिच्याखालीं निघालेलीं अंडीं आम्हां मुलांच्या वांट्यास आलीं. आम्ही तीं दगडांनीं ठेचलीं. शेवटल्या एकांत पुरतें वाढलेलें पिलूं होतें, आणि तें हालत होतें. पुढें वर्गांत सापाचा धडा कितीदां तरी शिकविला, पण ही हकीकत कधीं सांगितली नाहीं.

असो. नातवानें थर्मोकोलच्या खोक्यांत पाणी भरून त्यांत मासे पाळणारे वापरतात ती विजेची कांडी सोडली. वर जाळीवर डबा. डब्यांत वर्मिक्युलाइट नांवाचें भुसभुशीत खनिज, मुठींत दाबलें असतां पाणी ठिबकूं नये इतपत ओलें. त्यांत अंडीं अर्धीं पुरलेलीं. उष्णता २८ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावयाची. सकाळ-संध्याकाळ उष्णतामापकावरील आंकडा वहींत टिपणें हें माझें काम. हजेरीपट भरण्याची संवय अशी परदेशीं उपयोगास आली!

पण चौथ्या दिवशीं मीं एक घोडचूक केली. खुडूक कोंबडी अंडीं चोंचीनें फिरवते, हें लहानपणापासून पाहिलेलें. म्हणून सुटीं असलेलीं तीन अंडीं मीं हलकेच उलटीं केलीं. सापाच्या अंड्याचें शास्त्र नेमकें उलट आहे. त्यांतला गर्भ एक-दोन दिवसांतच कवचाच्या वरच्या अंगास चिकटतो. मग अंडें फिरलें तर तो गुदमरण्याचा संभव असतो. नातवानें प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीनें टिंब काढलें होतें. तें कशासाठीं, हें मीं मास्तर असून विचारलेंच नव्हतें. त्यानें टिंबें पुन्हां वर आणलीं आणि मजवर रागावला नाहीं. तें अधिक लागलें.

भीमानें, म्हणजे त्या मातेनें, अंड्यांकडे पुन्हां ढुंकूनहि पाहिलें नाहीं. या जातीची रीतच तशी. आपल्या अजगराची मादी मात्र अंड्यांस वेटोळें घालून बसते आणि स्नायू थरथरवून त्यांस ऊब देते. हें प्रथम कोणास खरें वाटेना. १८४१ सालीं पॅरिस येथें व्हॅलेन्सिएन या शास्त्रज्ञानें उष्णतामापक लावून तें पाहिलें.

अंधारांत विजेरी धरली कीं अंड्यांत तांबड्या शिरांचें जाळें दिसे. जुलैंत, मीं फिरविलेल्या तिनांपैकीं दोन काळवंडलीं आणि त्यांवर बुरशी चढली. त्या रात्रीं नातवास धामणीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानें विचारलें, “आजोबा, किती अंडीं होतीं?” मीं सांगितलें, “मोजलीं नव्हतीं.”

एकसष्टाव्या दिवशीं पहिल्या अंड्यावर बारीक चीर दिसली. पिलाच्या नाकाडावर त्यापुरताच एक दांत असतो, त्यानें तें कवच कापतें. डोकें बाहेर काढून तें दिवसभर तसेंच राहिलें; उरलेला बलक पोटांत जिरेपर्यंत त्यास घाई नसते. तीन दिवसांत अकरा पिलें बाहेर आलीं, जाड पेन्सिलीएवढीं. आठवड्याभरानें त्यांनीं पहिली कात टाकली, आणि मग केस न फुटलेलें उंदराचें पोर खाऊं लागलीं. दोघांनीं तीन आठवडे तोंड लाविलें नाहीं. माझ्या वहींत त्यांच्यापुढें रोज शून्य आहे.

दहांस मुलीनेंच चौकशी करकरून घरें शोधलीं. अकरावें, मीं उलटविलेल्या अंड्यांतून वांचलेलें, तिनें ठेवून घेतलें. नर कीं मादी याचा निकाल लागेपर्यंत त्याचें नांव ठेवावयाचें नाहीं, असें आमचें ठरलें आहे.