उंबरठ्यावरची स्वच्छता
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं कचऱ्याविषयीं बोलावयास उभें राहणें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु काल येथील पंगत आटोपल्यावर आवारांत जें दृश्य आम्हीं पाहिलें, तेंच आम्हांस बोलावयास भाग पाडीत आहे. उष्टें अन्न, पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, फुलांच्या माळा, सर्व कांहीं आम्हींच एका ढिगांत टाकलें होतें. आणि आज सकाळीं दोन भगिनी त्या ढिगांत हात घालून एकेक वस्तु वेगळी करीत बसल्या होत्या. मेजवानी आमची झाली. ती निस्तरण्याचें काम त्यांच्या वाट्यास आलें.

या भगिनी कोण, हें आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. २०११ सालच्या शिरगणतींत पुणें शहराची लोकसंख्या ३१ लक्षांवर होती. एवढ्या नगराच्या कचरापेट्यांतून कागद, काच, पत्रा वेंचून पोट भरणाऱ्या स्त्रियांकडे लोक पूर्वीं संशयानेंच पाहत. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कार्यकर्त्या साक्षरतेच्या कामासाठीं त्यांच्या वस्त्यांत गेल्या. कचरा घरींच वेगळा करून मिळाला, तर या स्त्रियांचे हात उकिरड्यांत जाणार नाहींत व स्वच्छ मालास भावही बरा येईल, हें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांतूनच १९९३ सालीं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. कष्टकऱ्यांचे कैवारी डॉ. बाबा आढाव यांनीं तिला पाठबळ दिलें. सभासदांस ओळखपत्रें मिळालीं, आणि चोर म्हणून हटकली जाणारी स्त्री कामकरी म्हणून मान्यता पावली. पुढें २००८ सालीं याच स्त्रियांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनें पुणें महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचें काम अंगावर घेतलें. तिचे सभासद आज तीन हजारांहून अधिक आहेत. घरटी मिळणारें मासिक शुल्क आणि सुका माल भंगारवाल्यास विकून येणारे पैसे, हीच त्यांची मिळकत होय.

आतां कोणी म्हणेल, “आम्ही कर भरतों, मग निवडानिवडीची उठाठेव आम्हीं कां करावी? गाडी येते आणि घेऊन जाते.” खरें, परंतु नेते कोठें? कित्येक वर्षें पुण्याचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या शिवारांत जाऊन पडला. ओलें व सुकें एकत्र दडपलें म्हणजे हवा न लागतां तें आंतल्या आंत कुजतें. त्यांतून पेट घेणारा मिथेन वायु निघतो, आणि काळें पाणी झिरपून जमिनींत उतरतें. २०१७ सालीं तेथील ढिगास आग लागली, ग्रामस्थांनीं गाड्या अडविल्या, आणि शहरांत कचरा सांचूं लागला. त्या गांवकऱ्यांनीं आपलें काय वांकडें केलें होतें? आपल्या दारांतील घाण नाहींशी झाली नव्हती. ती दुसऱ्याच्या दारीं गेली होती.

उलट भाजीचीं देंठें, सालें व शिळें अन्न, वाळक्या पानांचे थर देऊन, हवा खेळती राहील अशा पिंपांत घातलें, तर कांहीं महिन्यांत त्याचें खत होतें. कागद कोरडा राहिला तर त्याचा पुन्हां कागद होतो. आणखी एक गोष्ट आहे, जी बोलावयास आपण संकोचतों. मासिक पाळीचे पॅड व बाळांचे लंगोट कागदांत गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, एवढीच या भगिनींची विनंती आहे. तो ठिपका पाहून त्या पुडी न उघडतां बाजूस ठेवतात. ठिपका नसला, तर तें सर्व त्यांच्या हातांस लागतें. आपला क्षणाचा आळस त्यांना आजार देऊं शकतो.

महापालिकेनें आपलें कर्तव्य करावें, हें आपण मागितलेंच पाहिजे. परंतु घरांत मिसळलेलें रस्त्यावर निवडणें कोणत्याही यंत्रास सोपें नाहीं. उंबरठ्याच्या आंतलें काम आपलेंच आहे. म्हणून आमच्या मंडळानें तीन गोष्टी ठरविल्या आहेत. समारोपाच्या पंगतीस धुऊन वापरण्याचीं ताटेंच घ्यावयाचीं. आवारांतील चिंचेखालीं खताची पेटी बांधावयाची. आणि प्रत्येक विभागांतील दोघांनीं घरोघर जाऊन वर्षभर हा विषय सोडावयाचा नाहीं. आरंभ अर्थातच आमच्या स्वतःच्या घरांपासून होईल.

शेवटीं एक सांगतों. येत्या रविवारच्या पंगतीस त्या दोघी भगिनींना आम्हीं आज सकाळींच आमंत्रण दिलें. त्यांतील एकीनें हसून विचारलें, “दादा, वाढायला यायचं का आवरायला?” “जेवायला,” असें उत्तर देतांना आम्हांस फार लाज वाटली. इतकीं वर्षें त्या आमच्या दारीं येत आहेत, आणि हें आमंत्रण त्यांना पहिलेंच होतें. त्या रविवारीं त्या प्रथम पानावर बसतील, आपण वाढूं; आणि मागाहून आवरण्याचें कामही आपणच करूं. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतों.