नदीपलीकडचे अरण्य : केर्न्स आणि डेनट्रीची पाठपिशवी घेऊन केलेली भटकंती



परदेशप्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सहल कंपनीची वातानुकूलित बस, आधीच ठरविलेले हॉटेल आणि सोबत नेलेला महाराज, असे चित्र उभे राहते. त्यात गैर काही नाही. ज्येष्ठांना तेच सोयीचे. परंतु जगभर प्रवाशांचा एक निराळा वर्ग कित्येक दशकांपासून फिरत आहे. पाठीवर एक पिशवी, खिशात बेताचे पैसे आणि हाताशी भरपूर वेळ, एवढेच त्याचे भांडवल. त्याला बॅकपॅकर म्हणतात. आपल्या घराघरांतील मुले आज शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात जातात. सप्टेंबर २०२४ पासून त्या देशाने १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी, काम करीत भटकण्याचा एक वर्षाचा व्हिसाही खुला केला असून त्याच्या वर्षाला १००० जागा सोडतीने दिल्या जातात. तेव्हा या तरुणांची पावले जिकडे वळण्याचा संभव आहे, अशा एका शहराची आणि त्याच्या शेजारच्या अरण्याची ओळख या निमित्ताने करून घेणे अप्रस्तुत ठरू नये.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाकडे, क्वीन्सलंड राज्यात, केर्न्स हे बंदराचे शहर आहे. १८७६ साली डोंगरापलीकडच्या सोन्याच्या खाणींसाठी बंदर हवे म्हणून ते वसले. आज तेथील बहुतेक पाहुणे येतात ते समुद्रातील प्रवाळांची प्रचंड रांग, म्हणजे ग्रेट बॅरियर रीफ पाहण्यासाठी. शहर उष्ण कटिबंधातले असल्याने हवा दमट, आंबा, पपई, नारळ हे सर्व परिचयाचे आणि डिसेंबर ते मार्च मुसळधार पाऊस. कोकणातून गेलेल्या माणसाला परके वाटू नये असे सारे.

तरीही पहिल्याच दिवशी प्रवाशाची फसगत होते. केर्न्सला समुद्र आहे, पण पोहण्याजोगा किनारा नाही! शहरासमोर चिखलाचा विस्तीर्ण पट्टा आहे. ओहोटीला त्यावर दूर उत्तरेकडून, थेट सायबेरियाच्या बाजूने आलेले पाणपक्षी चोची खुपशीत हिंडतात. पाण्यात खाऱ्या पाण्यातील मगरींचे भय असते आणि साधारण नोव्हेंबर ते मे या काळात विषारी जेलीफिशचे. आसपासच्या किनाऱ्यांवर त्या महिन्यांत पोहण्यासाठी जाळी लावून जागा राखतात आणि खांबांवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. दंश झाल्यास प्रथम तेच ओतायचे. यावर उपाय म्हणून नगर प्रशासनाने २००३ साली समुद्रालगतच खाऱ्या पाण्याचा एक विशाल तलाव बांधला. तो सर्वांना विनामूल्य आहे. महागड्या हॉटेलातील पाहुणा आणि बारा जणांच्या खोलीत उतरलेला विद्यार्थी तेथे एकाच पाण्यात उतरतात.

या मुलांच्या निवासाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पालकांची चिंता तेथेच असते. केर्न्समध्ये बॅकपॅकरांची वसतिगृहे पुष्कळ आहेत. एका खोलीत चार, आठ किंवा बारा पलंग, रेल्वेच्या बर्थप्रमाणे एकावर एक. स्त्रियांसाठी स्वतंत्र खोली बहुतेक ठिकाणी मागून मिळते. सामानासाठी कपाट असते, पण कुलूप आपले आपण न्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सामाईक स्वयंपाकघर. फ्रीजमधील प्रत्येक पिशवीवर नाव आणि जाण्याची तारीख लिहावी लागते, आपले भांडे आपण घासावे लागते. शाकाहारी माणसाला हॉटेलच्या खाद्यसूचीपुढे हताश बसण्यापेक्षा हे कितीतरी बरे. भांडी सामाईक असतात हे ज्यांना चालत नाही, त्यांनी एक लहान पातेले आणि तवा पिशवीत टाकावा. वजन फार होत नाही.

भाजीपाल्यासाठी शुक्रवार, शनिवार, रविवार भरणारा रस्टीज मार्केट हा बाजार आहे. तो १९७५ पासून चालू आहे. मूळचे आशियाई असलेले अनेक विक्रेते तेथे बसतात. त्यामुळे कोथिंबीर, मिरच्या, भेंडी, लिची, रंबुतान सारे दिसते. रविवारी दुपारी बाजार उठताना भाव उतरतात. एवढे व्यवहारज्ञान आपल्या मुलांना शिकवावे लागणार नाही.

शहराच्या पाठीशीच डोंगर आहे. तेथील कुरांडा गावापर्यंत १८९१ साली पोहोचलेली रेल्वे १५ बोगद्यांतून चढते. १८८२ च्या पावसाळ्यात वाट बुडून वरच्या कथिलाच्या खाणीतले कामगार उपासमारीच्या कडेला आले, त्यातून या मार्गाची मागणी पुढे आली. प्रवास रम्य आहे, तिकीट मात्र महाग. ज्याच्याजवळ मोजके पैसे आहेत, त्याने ते डेनट्रीसाठी राखावेत हे उत्तम.

केर्न्सहून उत्तरेस समुद्राला अगदी बिलगून रस्ता जातो. मॉसमन गावाजवळ नदीची एक दरी आहे. तेथे कुकु यलांजी या मूळनिवासी लोकांची वस्ती आहे. पूर्वी पाहुण्यांच्या मोटारींची रांग थेट त्यांच्या घरांसमोरून जाई. २०१२ साली गावाबाहेर स्वागतकेंद्र झाले. तेव्हापासून मोटारी तेथेच थांबतात आणि दरीपर्यंत लहान बस नेते. त्या समाजातील वाटाडे अरण्यातून फिरवून आणतात; कोणत्या सालीचा रंग होतो, कोणते फळ किती दिवस वाहत्या पाण्यात ठेवल्यावर खाण्याजोगे होते, हे दाखवितात. या फेरीचे शुल्क भरताना कोणी हात आखडता घेऊ नये.

त्यापुढे डेनट्री नदी येते. केर्न्सपासून सुमारे १०० किलोमीटर. नदीवर पूल नाही. दोन्ही तीरांना बांधलेल्या पोलादी दोरांच्या आधाराने एक सपाट तराफा मोटारींना पलीकडे नेतो. ओलांडायला पाचेक मिनिटे पुरतात, पण सुट्टीच्या दिवसांत पाळी येण्यासाठी बराच वेळ थांबावे लागते. घाईतला प्रवासी येथे त्रासतो. पाठपिशवीवाला मात्र खाली उतरून पाण्याकडे पाहत राहतो; मगरीची सूचना देणारी पाटी असते, म्हणून काठापासून जरा दूर उभा राहून.

पलीकडे गेल्यावर रस्ता एकदम अरुंद होतो आणि झाडी वरून मिटते. हे अरण्य पृथ्वीवरील अत्यंत प्राचीन वर्षावनांपैकी आहे. भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका हे सारे भूभाग कोट्यवधी वर्षांपूर्वी एकत्र होते, त्या महाखंडाला भूगर्भशास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात, आणि हे नाव मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून पडले आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील गोंड बांधवांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या काळातील वनस्पतींचे वंशज डेनट्रीत आजही उभे आहेत. त्यांतील एक झाड तर शास्त्रज्ञांच्या दृष्टीने जवळजवळ हरवलेलेच होते. १९७१ साली एका शेतकऱ्याची गुरे अचानक मेली. त्यांच्या पोटात मोठाली अनोळखी बीजे निघाली, आणि त्यांवरून या आदिम फुलझाडाचा पुन्हा शोध लागला! त्याचे बी इतके जड आणि विषारी की ते बहुधा उतारावरून घरंगळूनच पसरते.

इतर अनेक झाडांची बीजे पसरविण्याचे काम कॅसोवरी नावाचा पक्षी करतो. हा माणसाएवढा उंच, उडता न येणारा, निळ्या मानेचा पक्षी फळे अख्खी गिळतो आणि बीजे दूरवर टाकतो. अंडी उबविणे आणि पिले वाढविणे ही कामे नर करतो. मोटारींखाली हे पक्षी मरतात म्हणून रस्त्यावर गतिरोधक आणि पाट्या आहेत. तेथे एका खोडकराने गतिरोधकाच्या पाटीवरील चित्रात असे काही फेरफार केले की तो उंचवटा म्हणजे आडवा पडलेला कॅसोवरीच दिसावा. सरकारी पाटीपेक्षा ही पाटी अधिक परिणामकारक ठरली असावी. तिची छायाचित्रे जगभर गेली.

अरण्यात कोठेही शिरता येत नाही, आणि शिरूही नये. मार्जा, दुबुजी, जिंदलबा या ठिकाणी जमिनीपासून उचललेल्या लाकडी पायवाटा बांधल्या आहेत. प्रवाशाने त्यांवरूनच चालायचे. याचे कारण त्याला थोड्याच वेळात कळते. आपल्याकडील वेताच्याच कुळातील काटेरी वेली अंगावरच्या कापडाला अशा धरतात की पुढे खेचल्यास कापड फाटते. दोन पावले मागे येऊन काटा सोडवावा लागतो. इंग्रजीत तिला ‘थोडे थांबा’ अशा अर्थाचेच नाव आहे. दुसरे एक झुडूप आहे, हृदयाकृती पानांचे, दिसायला साधे. त्याच्या पानावरील सूक्ष्म काचेसारखी कुसळे त्वचेत रुतली की वेदना कित्येक दिवस, कधी काही महिनेही पुन्हा पुन्हा उठतात. त्यापुढे आपली खाजकुइली परवडली. म्हणून हात खिशात ठेवून चालावे. सावकाश चालणाऱ्याला मग मुळांच्या भिंती, पंख्यासारख्या पानांचे ताड आणि खोडाला चिकटलेले सरडे दिसू लागतात.

वाटेच्या अखेरीस केप ट्रिब्युलेशन, म्हणजे संकटाचे भूशिर. जून १७७० मध्ये कॅप्टन कुकचे जहाज जवळच्या प्रवाळावर आदळले, त्या आठवणीने त्याने हे नाव दिले. येथे अरण्य थेट वाळूपर्यंत येते. जागतिक वारसा ठरलेली दोन क्षेत्रे, अरण्य आणि प्रवाळरांग, एकमेकांना भेटतात.

हे सारे आपोआप टिकलेले नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी नदीपलीकडच्या सखल जमिनीचे अकराशेच्या आसपास भूखंड पाडून विकण्यात आले. १९८३ मध्ये भूशिरापासून उत्तरेस रस्ता काढण्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा अनेक स्त्री-पुरुष त्यांच्यापुढे आडवे पडले, झाडांवर चढून बसले. १९८४ मध्ये रस्ता झालाच. परंतु त्या गदारोळाने देशाचे लक्ष वेधले आणि १९८८ साली, राज्य सरकारचा विरोध असताना, केंद्र सरकारच्या पुढाकाराने हे अरण्य जागतिक वारसा यादीत गेले. पुढे कित्येक भूखंड सरकारने आणि देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांनी पैसे मोजून परत विकत घेतले. २९ सप्टेंबर २०२१ रोजी डेनट्रीसह चार राष्ट्रीय उद्यानांची १,६०,००० हेक्टरांहून अधिक जमीन पूर्वेकडील कुकु यलांजी लोकांना परत देण्यात आली. ते आणि राज्य सरकार आता मिळून तिची व्यवस्था पाहतात.

पुलाचा प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा निघतो. रहिवाशांची बाजू खोटी नाही. मध्यरात्रीनंतर तराफा बंद असतो, आजारी माणसाला न्यायचे तर अडचण, माल आणायचा तर खोळंबा. सरकारी वीजतारा नदीपलीकडे नेल्या नाहीत. घरे आणि दुकाने अनेक दशके सौरपट्ट्या आणि डिझेलच्या जनित्रांवर चालली. व्यापारी हिशेबाने पाहणारा म्हणेल, पूल बांधा, गिऱ्हाईक चौपट होईल. पण येथला माल म्हणजे ते अरण्यच. गिऱ्हाईक चौपट झाले तर कॅसोवरी किती उरतील? व्याज वाढविण्यासाठी मुद्दलच मोडण्यासारखे ते होईल. स्थानिक परिषदेने आजवर तराफाच ठेवला आहे, आणि तोट्याची बाजू धरूनही हा निर्णय शहाणपणाचा मानावा लागेल. रहिवाशांच्या दवाखान्याची सोय मात्र पुलाविना करता येण्याजोगी आहे आणि ती व्हायला हवी.

निसर्ग स्वतःही केव्हा केव्हा वाट बंद करतो. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर चक्रीवादळ आले. वारा फार नव्हता, पण नंतर थांबलेल्या पावसाने काही ठिकाणी थोड्याच दिवसांत २ मीटरहून अधिक पाणी ओतले. डोंगर घसरले, रस्ता तुटला, काही वस्त्यांतील लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. पलीकडची लहान हॉटेले आणि दुकाने त्यानंतर कित्येक महिने पाहुण्यांवाचून होती.

म्हणून जाणाऱ्यांना काही व्यवहारी सूचना. जून ते सप्टेंबर हे महिने कोरडे आणि सुखद. पावसाळ्यात गेल्यास रस्त्याची चौकशी रोज सकाळी करावी. केर्न्सहून एका दिवसात जाऊन येणाऱ्या बसचा बहुतेक वेळ रस्त्यातच जातो. त्यापेक्षा वसतिगृहातील तिघा-चौघांनी मिळून मोटार भाड्याने घ्यावी आणि पलीकडे निदान दोन रात्री राहावे. मोटारीच्या भाडेकरारात तराफ्यापुढील रस्त्याची परवानगी आहे काय, हे सही करण्यापूर्वी वाचावे. पलीकडे भ्रमणध्वनी बहुतेक ठिकाणी चालत नाही, हे घरी आधी कळवावे. नाहीतर दोन दिवस इकडे कोणाच्या घशाखाली घास उतरणार नाही. धान्य, तेल, मीठ केर्न्समधूनच न्यावे, पण एखादे जेवण पलीकडच्या माणसाकडे विकत घेऊनच करावे. पक्ष्याला खायला घालू नये, दगड-पान उचलू नये.

परतीच्या दिवशी वसतिगृहात एक रीत आढळते. स्वयंपाकघरात एका फळीवर जाणारे लोक आपला उरलेला शिधा ठेवून जातात. अर्धा किलो तांदूळ, तेलाची तळाशी आलेली बाटली, मसूर, मिठाचा पुडा. येणारा त्यातून हवे ते घेतो, कोणाला विचारावे लागत नाही. विमानतळाच्या बसला अवकाश असेल तर पिशवी रिकामी करून जे उरले असेल ते तेथे ठेवावे, आणि डब्यावरचे आपले नाव तेवढे पुसून टाकावे.