पाण्यावर चालणारा थंडावा



आपल्यापैकी काहींच्या घरी मुलांनी पाण्याने थंड होणारा संगणक घेतलाय. दिसतो देखणा, पण त्याची निगा राखायची कशी, हे विचारणारे मला आज इथेच तिघे भेटले. तेवढंच सांगते.

प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ठोकळ्यातून पंप पाणी फिरवतो आणि रेडिएटरचे पंखे उष्णता बाहेर टाकतात. कंपनीने कायमची बंद केलेली जोडणी असेल तर ती उघडू नका. वीज बंद करून रेडिएटरमधली धूळ ब्लोअरने काढा. तेव्हा पंख्याचं पातं धरून ठेवा.

जोडणी स्वतः केली असेल, तर साधारण वर्षाने पाणी बदला. नळाचं पाणी नको, त्याचे क्षार आत साचतात. तयार कूलंट घ्या. एकाच चक्रात तांबं आणि ॲल्युमिनियम नको. शाळेत शिकलेला विद्युत घट तिथे आपोआप तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजतं.

नवं पाणी भरल्यावर सांध्यांखाली टिश्यू ठेवा आणि २४ तास फक्त पंप चालवा. कागद कोरडा राहिला, तरच बाकीच्या भागांना वीज द्या. मदरबोर्डवर पडलेला एक थेंबही महागात पडू शकतो.

शेवाळ आणि गंज आवाज करत नाहीत. संगणक तापून मंदावतो, तोवर आत बरंच बिघडलेलं असतं. म्हणून बिघाडाची वाट न पाहता कॅलेंडरवर तारीख लिहा. दरवर्षीच्या मेळाव्याआधीचा रविवार कसा वाटतो?