परमुलखातला नाताळ

नाताळ म्हटला की आमच्या सांगली भागातल्या माणसाला मिरज आठवते. कॅनडात जन्मलेल्या डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथं मिशनचं इस्पितळ उभं केलं. आमच्या कुंडलची कितीतरी माणसं तिथनं बरी होऊन आली. पण इतक्या लांबून आलेली ही मंडळी डिसेंबरात आपला सण कशी करत असतील, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला मी स्वतः परमुलखात गेल्यावर.

१९९१ साली मी बी.ए. झालो. चार कविता छापून आल्या होत्या, नोकरी एकही नव्हती. आमच्या वरच्या अंगाला विटा, खानापूर, आटपाडी हा दुष्काळी पट्टा. तिथली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणं. मूस, भट्टी आणि नाकात कायमचा बसलेला ॲसिडचा वास. वर्गमित्राच्या चुलत्यांचं असं दुकान केरळात, त्रिशूरला होतं. त्यांना हिशेब लिहायला माणूस हवा होता. मी गेलो.

देश आपलाच, पण दुकानाची पाटी वाचता येईना की भाजी मागता येईना. घरमालकीण सीरियन ख्रिस्ती, साठीची बाई. सगळे तिला अम्मच्ची म्हणत. ती मला ‘मोने’ म्हणायची, म्हणजे बाळा. दुकानाचे मालक अण्णा मराठा, मी मुसलमान. हा फरक तिच्या लेखी फारसा नव्हता. आम्ही सगळे नारळाच्या तेलाला नाक मुरडणारे मराठी लोक.

१९९२ च्या ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. अण्णा म्हणाले, “चार दिवस गल्ल्यावर बसू नकोस. माडीवरच हिशेब लिही.” काळजीनं म्हणाले की गिऱ्हाइकाच्या धाकानं, ते तेव्हा कळलं नाही. आजही छातीवर हात ठेवून सांगता यायचं नाही. चाराचे दहा दिवस झाले. खाली पोरं ढोल वाजवत, नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरत होती. मी वर बसून गावाकडच्या पत्राची वाट बघत होतो.

पत्र आलं. अब्बांनी लिहिलं होतं की उसाला अजून तोड नाही, टोळी आलेली नाही, शेजारच्या बापूंची म्हैस व्याली. एवढंच. गाव शांत आहे हे त्या म्हशीवरनं कळलं.

त्याच दिवशी अम्मच्ची जिना चढून वर आली. तिचा पंचवीस दिवसांचा उपास चालू होता. डिसेंबरच्या एक तारखेपासून मासमच्छी बंद. दारावर लावायला चांदणी हवी होती. विकतची तिला नको होती. घरची चांदणी दरवर्षी मुलं करायची, पण आता दोघंही दुबईला. मोडक्या हिंदीत म्हणाली, “त्यांची चांदणी तिकडं कोण लावणार, आणि माझी इथं कोण?”

माझं आजोळ कडेगाव. तिथल्या मोहरमचे उंच ताबूत प्रसिद्ध आहेत; त्यांतल्या काहींचा मान हिंदू घरांकडं आहे. बांधायची रीतही न्यारी : आधी कळस, मग पाया. लहानपणी मामूंच्या हाताखाली मी कामट्या तासल्या होत्या, खळ लावली होती. बांबू तिथं मुबलक. दोन रात्री बसलो. बोटांना काम मिळालं आणि बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

चांदणी झाली तेव्हा अम्मच्चीनं कोपरे मोजले. पाचच्या जागी आठ. ताबुताच्या सवयीनं हात आठावर गेला होता! माझं तोंड उतरलं. ती मात्र खळखळून हसली आणि आत दिवा सोडून तीच चांदणी दारात टांगली. आमच्या वहिनींनी दिवाळीचा आकाशकंदील अजून उतरवला नव्हता, तोही शेजारी लुकलुकत राहिला.

चोवीसच्या रात्री तिला हाताला धरून चर्चला नेलं. मी अंगणातच थांबलो. तिथं क्रूसाच्या आकाराचा खड्डा होता. त्यात वाळक्या झावळ्या पेटवल्या आणि माणसं धुपाचे खडे टाकू लागली. आमच्या मोहरमच्या आलाव्याची आठवण झाली. धुराचा वासही ओळखीचा. सतरा-अठरा दिवसांनी मी रस्त्यावर उभा होतो आणि कुणीही माझं नाव विचारलं नाही.

परतल्यावर तिनं उपास सोडला. अप्पम आणि मटणाचा इष्टू. ताट पुढं सरकवताना म्हणाली, “मटण तुमच्यातल्याच खाटकाकडचं आहे.” अण्णा, वहिनी, सगळे पंगतीला होते. जेवता जेवता अण्णा म्हणाले, “उद्यापासून गल्ल्यावर बस.” मी मान डोलावली. दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गावी आलो. अम्मानं विचारलं, “तिकडं सणावाराला काय केलंस?” चांदणीची गोष्ट सांगितली. तिला ख्रिस्ती घराचं नवल नव्हतं, केरळचंही नव्हतं.

“आठ कोन समान आले का?” तिनं विचारलं.

एक जरा तोकडा होता, मी म्हणालो.

“तुझ्या मामूला सांगू नकोस,” अम्मा म्हणाली आणि भाकरी थापायला वळली.